परक्या चार्जरवरचे अठ्ठावन्न टक्के

बोर्गहिल इव्हर्सन म्हाताऱ्या माणसांच्या पायांची निगा राखते. वाढलेली नखं, कुरुपं, टाचांच्या भेगा, साखरेच्या आजारानं बधिर झालेले अंगठे, हे तिचं काम. उत्तरेकडच्या आमच्या आल्ता गावात तिची एक खोली आहे, पण निम्मा आठवडा ती गाडीतच असते. किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमांत जायचं, पाटावर बसायचं, एकेक पाऊल मांडीवर घ्यायचं.

हा धंदा तिला वडिलांच्या पायांनी शिकवला. ती शाळेत असताना वडील आल्ता आणि हामरफेस्टच्या मधल्या सेन्नालांदेच्या पठारावर अडकले होते. वादळ असलं की त्या पठारावर एकट्या गाडीला सोडत नाहीत. पुढे बर्फ लोटणारी गाडी आणि मागे सगळ्यांचा ताफा, असंच जायचं. त्या दिवशी ताफा मध्येच थांबला. वडील काचेवरचा बर्फ खरवडायला खाली उतरले, दार हातातून सुटलं आणि दोन पावलांवरची गाडी त्यांना परत सापडली नाही. मागच्या गाडीवाल्यांनी एकमेकांना दोर बांधून त्यांना शोधलं, तोवर डाव्या पायाची बोटं गेली होती. आईला त्या पायाकडे बघवत नसे, म्हणून पट्ट्या ही पोर बदलायची. हात तेव्हा बसला, आणि पठाराची भीतीही तेव्हाच बसली.

भीती वाटते म्हणून कामं सोडून चालत नाही, म्हणून ती जात राहिली. आधी डिझेलची जुनी गाडी होती. ती विकून नवऱ्यानं, तोर्लाइफनं, छोटी विजेची गाडी घेतली. त्यानंतर वर्षभरात तोर्लाइफला विसर पडू लागला. आधी चाव्या, मग माणसं. आता त्याला घरी एकटं ठेवता येत नाही. बोर्गहिल कामावर असली की शेजारची राग्नफ्री त्याच्याजवळ बसते आणि संध्याकाळी दवाखान्याच्या धोबीखान्यात पाळीवर जाते.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. हामरफेस्टचं काम आटोपून बोर्गहिल दुपारी परत निघाली. त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य उगवत नाही. दुपारी थोडा निळसर उजेड येतो आणि जातो. वारा वाढत होता. बॅटरीचे आकडे नेहमीपेक्षा भराभर उतरत होते. स्काइदीच्या तिठ्यावर पोचली तेव्हा एकोणीस टक्के उरले होते, आणि समोर सगळं पठार होतं.

तिच्याकडे ज्या कंपनीचं कार्ड होतं, त्यांचे चार चार्जर तिथे आहेत. दोघांचे पडदे काळे होते. बाकीच्या दोघांवर गाड्या होत्या आणि मागे आणखी पाच-सहा. खानावळीतल्या बाईनं सांगितलं की थोड्याच वेळात ताफा निघेल, तो आजचा शेवटचा, त्यानंतर रस्ता बंद. कधी उघडेल ते वाऱ्यालाच ठाऊक.

तिनं राग्नफ्रीला फोन लावला. राग्नफ्री म्हणाली, तोर्लाइफनं कोट घातलाय आणि तो दाराशी बसलाय, तुला आणायला निघतो म्हणतोय. पाळीला उशीर झाला तरी चालेल, पण रात्रभर थांबायला सांगू नकोस. बोर्गहिलनं बरं म्हटलं.

तिठ्याच्या पलीकडे दुसऱ्या एका ब्रँडच्या चार्जरांची लांबलचक रांग होती. तो ब्रँड स्वतःच्या गाड्यांसाठी ते बांधतो. आता बाकीच्यांनाही खुले केले आहेत, हे तिनं ऐकलं होतं. वापरले मात्र कधीच नव्हते. परक्या चार्जरवर आपल्या गाडीला काही होईल, ती मध्येच बंद पडेल, असं तिच्या मनात घट्ट बसलं होतं. आणि त्या गाड्यांची माणसं आपल्याला हाकलतील, असंही.

पण दुसरा उपाय नव्हता. गाडीतच बसून गारठलेल्या बोटांनी तिनं त्यांचं अॅप उतरवलं, बँकेचं कार्ड घातलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. मग गाडी मागे घेतली आणि कळलं की वायर पोचत नाही. त्यांच्या गाड्यांचं चार्जिंगचं तोंड मागे डाव्या बाजूला, हिच्या गाडीचं उजव्या. शेवटी गाडी तिरकी घालून तिनं दोन जागा अडवल्या आणि शेजारच्या खांबाची वायर ओढली. प्लग लावला. पडद्यावर लाल अक्षरं आली. काढला, पुन्हा लावला. पुन्हा लाल.

मागे त्याच ब्रँडची मोठी गाडी येऊन थांबली. रेनडिअरच्या कातड्याचे बूट घातलेला एक धिप्पाड माणूस उतरला. त्याचं नाव निल्लास, हे तिला नंतर कळलं.

"तुझी गाडी आडवी का झोपलीय?" त्यानं विचारलं.

तिला वाटलं, आता हा भांडणार. तिनं सांगितलं, वायर पुरत नाही, आणि गाडी चार्ज घेतच नाहीये. आवाज कापत होता, तो थंडीनं कापतोय असं तिनं दाखवलं.

त्यानं प्लग काढला, आतला बर्फ फुंकून उडवला, परत बसवला आणि हातानं वर उचलून धरला. "जड असतो, खाली लोंबतो. टक आवाज येईपर्यंत सोडायचा नाही."

टक आवाज आला. आकडे हलायला लागले, पण फार हळू. तो म्हणाला, बॅटरी गार आहे. आमच्या गाड्या इथे यायच्या आधीच ती तापवून ठेवतात, तुझ्या गाडीला हा चार्जर ओळखूच येत नाही. मग तो पलीकडच्या जागेवर आपली गाडी लावायला गेला.

बोर्गहिल आकड्यांकडे बघत बसली. सत्तर झाले की निघायचं, असं तिनं ठरवलं होतं. अठ्ठावन्नवर असताना गाड्या पठाराच्या तोंडाशी असलेल्या फाटकाकडे सरकू लागल्या. इथेच राहावं, असं तिला वाटलं. खानावळीत खोल्या होत्या. मग दाराशी कोट घालून बसलेला तोर्लाइफ डोळ्यांसमोर आला. तिनं वायर काढली.

फाटकावर रस्तेखात्याचा माणूस प्रत्येक काचेशी येत होता.

"बॅटरी किती?"

"अठ्ठावन्न."

गरम कपडे, पांघरूण, खायला काही आहे का, ते त्यानं विचारलं. मग म्हणाला, "पुढच्याचे दिवे सोडू नकोस. थांबलो तर गाडीतच बसायचं. काहीही झालं तरी उतरायचं नाही."

हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पठारावर चढल्यावर जग संपलं. पांढरं आणि काळं एकमेकांत मिसळलं, आणि मध्ये समोरच्या मालट्रकचे दोन लाल ठिपके. ते पुसट झाले की तिचा श्वास अडके. आरशात निल्लासच्या गाडीचे दिवे होते, तेही येत-जात होते. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली. पठाराच्या मध्यावर लाल ठिपके मोठे झाले आणि थांबले.

ताफा थांबला होता. पुढे एक गाडी आडवी झाली होती, असं मागाहून समजलं. त्या वेळी कुणालाच काही कळत नव्हतं. वारा गाडीला हलवत होता. आकडा एकतीस होता. थोड्या वेळानं तीस. तिनं हीटर बंद केला. काच आतून गोठायला लागली आणि लाल ठिपके दिसेनासे झाले. कामाच्या पेटीतले लोकरीचे पायमोजे काढून तिनं एकावर एक चढवले. पाय गार पडत चालले होते. पायाला काय होतं, कोणत्या क्रमानं होतं, हे तिला फारच नीट माहीत होतं.

मग तिला वाटू लागलं की ताफा गेला. सगळे पुढे निघून गेले, आपण एकटीच राहिलो. खाली उतरून समोरच्या मालट्रकला हात लावून यावं, दोनच पावलं. तिनं पट्टा काढला, हात दाराच्या कडीवर गेला. कडी तिनं ओढलीसुद्धा. दार बोटभर उघडलं आणि वाऱ्यानं असा झटका दिला की ते हातातून सुटणार होतं. दोन्ही हातांनी ते ओढून तिनं बंद केलं आणि सीटचा पट्टा परत लावला. उभ्या गाडीत पट्टा लावून बसली, आणि मोठ्यानं रडली. वडिलांची आठवण आली का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, कुणाचीच नाही. फक्त भीती होती.

किती वेळ गेला ते तिला सांगता येत नाही. मालट्रकचा भोंगा वाजला, आणि काचेच्या खरवडलेल्या फटीतून लाल ठिपके हलताना दिसले.

पलीकडच्या फाटकापाशी सगळ्या गाड्या थांबल्या. आकडा अठरा होता; आल्त्यापर्यंत उतार होता, पोचता आलं असतं. तिला खाली उतरवेना. निल्लास चालत आला आणि त्यानं काच वाजवली.

"उतरली नाहीस ते बरं केलंस."

"दार उघडलं होतं मी," ती म्हणाली.

तो म्हणाला, "मी पण." आणि आपल्या गाडीकडे गेला.

घरी राग्नफ्री तोर्लाइफला सूप भरवत होती. कोट अजून अंगावर होता. तोर्लाइफनं बोर्गहिलकडे पाहिलं आणि राग्नफ्रीला विचारलं, ही बाई कोण आलीय. राग्नफ्री घाईनं उठली, धोबीखान्यातली पाळी केव्हाच बुडाली होती. बोर्गहिल तिच्या जागी बसली आणि तिनं चमचा उचलला, पण त्याच्या तोंडापर्यंत जाण्याआधीच सूप कोटावर सांडलं. शेवटी तोर्लाइफनंच तिच्या हातातला चमचा काढून घेतला आणि स्वतःचं स्वतः खाल्लं.

हामरफेस्टच्या वृद्धाश्रमाला तिनं कळवलं की डिसेंबर ते मार्च ती येणार नाही. तिथल्या गुन्वोर नावाच्या आजीबाईंनी फोन करून तिला चांगलंच सुनावलं: नखं काय वसंताची वाट बघतात का? बोर्गहिलनं सगळं ऐकून घेतलं. एप्रिलमध्ये ती गेली. ऊन होतं, रस्ता कोरडा होता. पठारावर गाडी शिरताच तिनं सगळ्या दारांची कुलुपं लावली, आणि पलीकडे उतरेपर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही.