ड्रायव्हर लोकांचं बीपी

माझी मुलगी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण चंदीगडच्या आमच्या सरकारी कॉलनीतल्या निम्म्या बायका तिला गुडघे दाखवायला यायच्या. ती पब्लिक हेल्थ शिकते. म्हणजे एकाच माणसाला काय झालंय ते न बघता, पुष्कळ माणसांना तेच दुखणं का होतं ते शोधते. हे वाक्य तिचं, मी पाठ केलंय. मला विचाराल तर तो उन्हातान्हात वणवण करण्याचा अभ्यास आहे.

थीसिसला तिने विषय घेतला लांब पल्ल्याच्या बसड्रायव्हरांचं बीपी. सेक्टर ४३ च्या बसस्टँडवर एक टेबल, दोन खुर्च्या आणि बीपीचं मशीन मांडून सकाळपासून बसायची. मनालीची, जम्मूची गाडी लागली की ड्रायव्हरला गोडीगुलाबीने बोलवायचं आणि विचारायचं, ‘अंकल जी, चाय तो नहीं पी? बीड़ी? बाथरूम होकर आए?’ मगच दंडाला पट्टा बांधायचा. चहा-विडी नुकतीच झालेली असली किंवा लघवी तुंबलेली असली तर म्हणे बीपी उगाच चढलेलं दिसतं. हे मला या वयात कळलं!

बहुतेक सगळ्यांचं बीपी भरपूर निघत होतं. तिचे सर खूश, ती खूश. थीसिस दणक्यात होणार असं दिसत होतं. त्यातच ह्यांची पुण्याला बदली झाली. थीसिस देऊन झाला की तिघांनी मिळून जायचं ठरलं. इतकी वर्षं परमुलखात काढल्यावर माझं मन केव्हाच पुढे जाऊन पोचलं होतं. पडदे कुठले लावायचे तेसुद्धा ठरवून झालं होतं.

एके दुपारी मी तिचा डबा घेऊन बसस्टँडवर गेले. समोर एक पांढऱ्या दाढीचे सरदारजी बसले होते, नुकतेच मनालीहून आलेले. तिने तिन्ही प्रश्न विचारले, त्यांनी व्यवस्थित उत्तरं दिली, आणि आकडा आला चांगलाच वरचा. ‘अंकल, हॉस्पिटल में दिखाना पड़ेगा,’ ती म्हणाली. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ऑफिसला कळलं तर स्टिअरिंग सुटेल, अशी भीती. मग काय मनात आलं कोण जाणे, ‘एक मिनट, पुत्तर’ म्हणून उठले, तडक मुतारीकडे गेले आणि पगडी सावरत परत आले. ‘अब देख.’

तिने त्यांना शांत बसवलं, थोड्या वेळाने पुन्हा मोजलं. आकडा पार खाली! काळजी करावी असं काही नव्हतंच.

‘पर आपने तो बोला था, होकर आए हो?’

सरदारजी जमिनीकडे बघत हसले. ‘मेरी बेटी तेरे जितनी है. तुझे क्या बोलता? सब हाँ ही बोलते हैं.’

मला तर हसूच फुटलं. पण हिच्याकडे बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. पोरगी पांढरीफटक पडली होती.

रात्री जेवताना तिने, इथेच वाढल्यामुळे तोंडात बसलेल्या हिंदीत, सांगून टाकलं, ‘आई, सब फेंकना पड़ेगा. फिर से करूँगी.’

‘सगळं? आणि पुणं?’

‘तुम लोग जाओ. मैं खरड में पीजी ले लूँगी.’ खरड म्हणजे चंदीगडबाहेरचं गाव, तिथे पोरी पेइंग गेस्ट म्हणून राहतात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणाचं बीपी चढलेलं होतं तर ते माझं! संध्याकाळी तिचे सर फोनवर म्हणाले होते की ही त्रुटी थीसिसमध्ये एका ओळीत लिही आणि देऊन टाक. मग ही कोण लागून गेली शहाणी? मी पातेली आपटली, नको नको ते बोलले. माझं तोंड दुखल्यावर ती म्हणाली, ‘उद्या कोणी माझे आकडे बघून या लोकांना घरी बसवलं तर? और जिनको मैंने डरा दिया, उनका क्या?’

कप्पाळ! हे म्हणाले, ‘करू दे तिला.’

आणि काय डोकं लढवलं पोरीने! टेबल उचलून मुतारीशेजारच्या नळाजवळ नेलं. साबण ठेवला, धुतलेले टॉवेल ठेवले. ड्रायव्हर आला की बाथरूमचं नावही काढायचं नाही. ‘अंकल जी, रास्ते की धूल है, पहले आराम से हाथ-मुँह धो आओ.’ माणूस उठायचा, आपलं सगळं आटपून ताजातवाना होऊन यायचा. कुणाला लाजवलं नाही, कुणाला खोटं बोलायला लावलं नाही. आधी ज्यांना घाबरवलं होतं त्यांच्या गाड्यांची वाट बघत बसायची, त्यांना हुडकून पुन्हा मोजायची. एवढं शहाणपण हिने कुठून आणलं देव जाणे. माझ्याकडून तर नक्कीच नाही.

एक दिवस उड्या मारत घरी आली. ‘आई, कम आ रहा है! ज़्यादातर ठीक हैं!’ दणक्याच्या थीसिसची हवा निघून गेली होती आणि ही येडी आनंदाने नाचत होती. मी तिची दृष्ट काढली. आणखी काय करणार?

आम्ही निघालो त्या दिवशी तिची पहाटेपासून ड्यूटी होती. विमानतळाकडे जाताना टॅक्सी सेक्टर ४३ ला थांबवली. मी धावतच आत गेले. सांगण्यासारखं ढीगभर होतं. पीजीतला गिझर बंद करत जा, नुसत्या मॅगीवर राहू नकोस, रात्री फोन कर. पण समोर एक ड्रायव्हर डोळे मिटून बसला होता, दंडाला पट्टा होता. तिने मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मोजताना शेजारी कुणी बोललं तरी आकडा हलतो.

मी उभी राहिले. बाहेर टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. तिचे डोळे भरून आले होते, पण त्या माणसाच्या हाताखाली धरलेला हात तिने काढला नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एक शब्द न बोलता मागे फिरले.

टॅक्सीत ह्यांनी विचारलं, ‘काय म्हणाली गं?’

‘काम करतेय,’ मी म्हटलं, आणि पदर तोंडात कोंबून ढसाढसा रडले.