दोन रुपयांची चिठ्ठी

आधी आबांचं सांगतो. माझं मग येईलच, आणि ते काही सांगण्यासारखं नाही.

आबा म्हणजे तळवड्यातले आमचे खोलीमालक. जुन्या गावातलं घर. घराला लागून जिथं त्यांचं शेत होतं तिथं आता बारा खोल्या आहेत, त्यातल्या सातव्या खोलीत मी राहतो. परभणीकडून आलो तेव्हा नववीतून शाळा सुटलेली, पिशवीत दोन जोड कपडे आणि ठेकेदाराचा नंबर. आल्या महिन्यातच काविळीनं आडवा झालो. इथं माझं कोणी नव्हतं. आबांनी स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, त्यांच्या सूनबाईंनी पंधरा दिवस पातळ भात पाठवला. पडल्या पडल्या मी नुसता छताकडे बघतो म्हणून आबांनी एक जुनं चित्रकथेचं पुस्तक आणून उशाशी ठेवलं.

"वाच. चित्रं हायती की, भ्यायचं काय त्यात?"

नववीपर्यंत नुसता ढकलत गेलेलो; मी बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून वाचलं. मग दुसरं, मग तिसरं. पुढं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच भरायला लावला. आज हे चार शब्द लिहितोय तेही त्याच जोरावर.

आबांकडे अशा पुस्तकांच्या दोन ट्रंका होत्या. लहानपणी वडिलांबरोबर बाजाराला जायचे तेव्हापासून जमवलेली. पण त्यांचा खरा नाद वेगळाच. एकाच अंकाच्या वेगवेगळ्या किमतीच्या प्रती ते शोधायचे. गोष्ट तीच, चित्रं तीच, फक्त कोपऱ्यातला आकडा वेगळा. एकीवर सव्वा रुपया, एकीवर दीड.

मी एकदा हसलो. "आबा, एकच गोष्ट तीनदा कशाला घ्यायची?"

"का रं? तुमी कंपनीत एकच बोल्ट रोज हजारदा बघता, तुमाला कोन हसतंय का?"

आता माझ्या कंपनीचं. चाकणला मी रिवर्कच्या टेबलावर आहे. चुकीची लेबलं लागलेला माल आमच्याकडे येतो, आम्ही लेबलं सोडवायची, खालचा चिकटा थिनरनं पुसायचा आणि माल पुढे पाठवायचा. तिथला नियम एकच: लेबलवर लेबल दिसलं की समजायचं कोणीतरी चूक झाकलीय. तो माल बाजूला. चार वर्षं हेच केलं की बोटांना सवय लागते. एस.टी.च्या सीटवरचा अर्धवट स्टिकरही मला बघवत नाही.

एका रविवारी पुण्याहून एक गृहस्थ आबांचा संग्रह बघायला येणार होते. तेही असेच जमवणारे. आदल्या दिवशी आबांनी ट्रंक उघडून दिली आणि म्हणाले, "एकेक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. तुझा हात हलका हाय." मला फार बरं वाटलं. ट्रंकेला हात लावू दिलेला मी पहिलाच भाडेकरू.

घालता घालता एक अंक हाती आला. होडीत राजपुत्र, पाण्यातून वर आलेली मगर. कोपऱ्यात एक पिवळी पडलेली कागदाची चिठ्ठी डकवलेली, त्यावर 'रु. २', आणि चिठ्ठीची एक कड उचकटलेली. खाली काहीतरी छापलेलं होतं. लेबलवर लेबल.

मला वाटलं, कोणा दुकानदारानं जास्त पैसे उकळायला ही चिकटवली असणार. आबा किमतीला एवढं जपतात, तर खालची खरी किंमत दिसायला नको का? उद्या पाहुण्यांसमोर आबा चकित होतील. माझ्या खोलीत औषधाच्या छोट्या बाटलीत थिनर होता, तो घेऊन आलो. तोही कंपनीतून न विचारता आणलेला, हेही सांगून टाकतो. कापसानं कडेकडेनं भिजवत, श्वास रोखून मी ती चिठ्ठी सोडवली. कागद जरासुद्धा फाटला नाही. खाली स्वच्छ दीड रुपया. चिठ्ठीची गोळी केली आणि आबांच्याच मोरीत टाकली. एवढं चांगलं काम मी कंपनीतही कधी केलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. मी चहाचे कप ठेवत होतो तेव्हा आबा सांगायला लागले.

"कागद म्हाग झाला तवा छापनाऱ्यानंच उरलेल्या अंकांवर दोनाची चिठ्ठी डकवली. आनि पोरांनी काय केलं? खाली काय हाय म्हनून समद्यांनी ती उचकटली! दीडवाला अंक रद्दीत बी गावतो. चिठ्ठीसकट ऱ्हायलेला माज्याकडं हाय. पन्नास वरसं जपलाय."

शेवटचा कप मी ट्रेमध्येच ठेवला. कोणाचं लक्ष नव्हतं.

आबांनी मगरीच्या अंकाची पिशवी काढली, बघितली, उलटी केली, पुन्हा बघितली. मग दुसरी. मग सगळी ट्रंक.

पाहुणे हसले. "असू दे हो आबा. आपल्या वयात कधी कधी चिठ्ठी अंकावर नसते, आठवणीतच असते."

"व्हती वो," आबा म्हणाले. "हितंच व्हती."

तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या. पण मला दिसलं ते वेगळंच: खोली जाईल, आणि या गावात मला 'जेवलास का' म्हणून विचारणारं एकच माणूस आहे तेही जाईल. मी कप गोळा करून मोरीकडे गेलो. त्याच मोरीकडे.

पुढचे तीन आठवडे आठवले की आजही कानशिलं तापतात. आबा रोज ट्रंका उपसायचे, आणि मला मदतीला बोलवायचे. "तुझी नजर चांगली हाय, बघ रं जरा." आणि मी बघायचो. जे तिथं नाही हे फक्त मला ठाऊक होतं, ते मी गुडघ्यावर बसून, पानं उलटून उलटून शोधायचो. चिठ्ठीवाला अंक थेरगावच्या रद्दीवाल्याकडे चुकून गेला असेल म्हणून तिथंही त्यांच्याबरोबर जाऊन आलो. येताना त्यांनीच मला वडापाव खाऊ घातला. तो मी खाल्ला.

घरात मग निराळंच सुरू झालं. आबा चष्मा विसरले की सूनबाई म्हणायच्या, "बघा, हे बी इसरलं." एकदा त्यांनी चहात दोनदा साखर घातली, तर ट्रंकेच्या किल्ल्या सूनबाईंनी आपल्याकडे घेतल्या. वाईट बाई नाहीत त्या. घाबरल्या होत्या. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरकडे नंबर लावला.

डॉक्टरकडे जायच्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. सकाळी बाहेर आलो तर आबा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलेले. मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तिथं काय इचारत्यात रं? वार इचारत्यात म्हनं. आज बेस्तरवार ना?"

"हो."

"आनि उद्या शुक्कीरवार." बोटावर मोजून त्यांनी पुन्हा म्हटलं, "बेस्तरवार. शुक्कीरवार."

मला पुढं ऐकवेना.

"आबा, चिठ्ठी मी काढली."

"कंची?"

"दोनाची. तुम्ही विसरला नाही काही. होती तिथं. मी थिनर लावून काढली. मला वाटलं, चुकीचं लेबल आहे."

मला वाटलं आता हात उठतो. पण आबा ताडकन उभे राहिले आणि घराकडे तोंड करून ओरडले, "सूनबाय! आगं ये सूनबाय! ऐकलंस का? व्हती! चिठ्ठी व्हती! माजं डोस्कं जाग्यावर हाय!"

सूनबाई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. मला सगळं पुन्हा त्यांच्यासमोर सांगावं लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तीन आठवडे बघत बसलास होय रे?" यापेक्षा ते लाटणं बसलं असतं तर बरं.

आबांचा आनंद दोन मिनिटं टिकला. मग ते खाली बसले.

"कुठं हाय ती?"

"मोरीत टाकली."

त्यांनी इस्त्रीच्या शर्टाची वरची गुंडी सोडली. मग म्हणाले, "पन्नास वरसं एका बी पोराला हात लावू दिला न्हाई. आनि तुला दिला."

त्यांनी खोली खाली कर म्हटलं नाही. डॉक्टरचा नंबर रद्द झाला, किल्ल्या परत आल्या. आठवड्यानं त्यांनी मला पुन्हा एक अंक वाचायला दिला, पण ओट्यावर, त्यांच्यासमोर. "वाच. पन हात पुसून, आनि कोपऱ्याला बोट लावायचं न्हाई." माझी पानं उलटून होईपर्यंत ते माझ्या बोटांकडे बघत होते. ते बघणं मी मिळवलेलं आहे, त्यांची काही चूक नाही.

आता सुट्टीच्या दिवशी मी रद्दीची दुकानं फिरतो. डांगे चौकापासून चिंचवडपर्यंत सगळे रद्दीवाले मला ओळखतात. तो मगरीचा अंक आजवर तीनदा सापडला, तिन्ही दीडवाले. एकाच्या कोपऱ्यात चिकट्याचा चौकोनी डाग होता. त्याची चिठ्ठीही कोणीतरी उचकटलेली. तो डाग बघत मी दुकानात बराच वेळ उभा राहिलो.

आबा, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही. पण कुठंतरी एखादा अंक असेलच, ज्याच्या वाट्याला माझ्यासारखा कोणी आला नाही. तो मी शोधून आणीन. रद्दीवाल्यालाच पिशवीत घालायला सांगीन, आणि चिठ्ठीसकट तुमच्या हातात देईन. माझं बोट त्याला लागणार नाही.