दुसरी फेरी

माझी भाची मंगळावरून आलेला डेटा तपासते, असं मी दुकानात कुणाला सांगितलं की गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं आणि मग आपल्या टायरकडे. चौक गावात जुन्या हायवेवर माझं टायरचं दुकान आहे आणि थापा मारण्यात माझं नाव आहे, त्यामुळे त्यांचाही दोष नाही. पण ही थाप नाही. सुरभी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, पोशीरच्या जयवंताची मुलगी. ती एम.एस्सी. झाली आणि पुण्याच्या एका कचेरीत लागली. मंगळाभोवती फिरणाऱ्या एका परदेशी यानाचा रेडारचा डेटा तिथं येतो.

यान वरून लहर सोडतं, ती जमिनीवर आपटून माघारी येते. थोडी लहर जमिनीत शिरते, आणि खाली बर्फाचा थर असेल तर तिथून परतते, उशिरा आणि अगदी क्षीण होऊन. हे सगळं पडद्यावर काळ्या-करड्या पट्टीसारखं उमटतं. पट्टी चांगली, संशयास्पद की टाकाऊ, एवढंच सुरभीनं ठरवायचं. शोध लावणारी माणसं वेगळी. "मी फक्त तांदूळ निवडते मामा, भात दुसरे रांधतात," असं ती म्हणायची.

"मग त्यात कठीण काय हाय गं?" असं मी एकदा विचारलं, तर तिनं मला नेरळला डोंगराच्या पायथ्याशी नेलं आणि ओरडायला सांगितलं. म्हातारपणी काय काय करावं लागतं! मी ओरडलो. समोरच्या कड्यावरून आवाज परत आला, आणि थोड्या वेळानं आणखी एक आला, बारीक. "हा दुसरा बाजूच्या टेकडीवरनं आला," ती म्हणाली. "पण यानाला तो जमिनीखालून आल्यासारखा वाटतो. तिथंच माणूस फसतो."

ती स्वतः एकदा फसली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं एक पट्टी चांगली म्हणून पुढे पाठवली. तिकडच्या शोध लावणाऱ्यांनी तो बर्फाचा थर धरला, कितीतरी महिने त्यावर काम केलं, आणि शेवटी तो बाजूच्या टेकडीचा पडसाद निघाला. तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही, पण तिनं ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून तिचा नियम ठरला: खूण एकदा दिसली तर ती संशयास्पद. यान दुसऱ्या फेरीत जरा वेगळ्या वाटेनं त्याच जागेवरून गेलं आणि खूण पुन्हा तिथंच दिसली, तरच ती खरी; टेकडीचा पडसाद असेल तर तो सरकतो.

तशी ती लहानपणापासूनच सरळ काट्याची. कापणी झालेल्या शेतात पोरं क्रिकेट खेळायची तेव्हा पंच म्हणून तिलाच उभी करायची. सख्ख्या भावाला, अक्षयला, तिनं कितीदा बाद दिलं असेल! तो बॅट आपटायचा, तणतणायचा, पण जायचा. घरात कुठलाही वाद निघाला आणि सुरभी बोलली की विषय संपला. आमचे हिरामण भावोजी तर म्हणायचे, "माजी पोरगी खोटं बोलंल त्या दिशी उल्हास नदी उलटी वाहंल."

हिरामण भावोजींचा जीव मात्र अक्षयवर. त्याच्या लग्नात त्यांनी रस्त्याकडेचं भाताचं शेत त्याच्या नावावर करून दिलं. ते शेत अक्षयनं बंगले बांधणाऱ्या एका पार्टीला विकलं, आणि बापाला सांगितलंही नाही. भावोजी नांगरायला गेले तर बांधावर सिमेंटचे खांब उभे. घरी आले, भिंतीवरचा अक्षयच्या लग्नाचा फोटो उतरवून कपाटावर उपडा टाकला आणि म्हणाले, "मला पुन्ना तोंड दाखवू नको." अक्षय बायकोला घेऊन लोधिवलीला गेला, टेंपो चालवू लागला. मी दोघांनाही शिव्या घातल्या. दोघांनीही ऐकून घेतल्या आणि काही केलं नाही. त्या भिंतीवर नुसता खिळा राहिला.

तीन वर्षांनी भावोजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सुरभी पुण्याहून घरी आली, कचेरीचं काम तिथूनच करू लागली. बापाच्या खाटेशेजारी टेबल मांडून ती मंगळाच्या पट्ट्या बघायची आणि भावोजी पडल्या पडल्या तिच्याकडे बघायचे. त्यांचा डावा हात अधूनमधून आपोआप उडायचा. लकव्यात असं होतं, त्याला अर्थ नसतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

एका दुपारी जयवंता त्यांना पेज भरवत होती. भावोजींनी डावा हात उचलला, भिंतीकडे नेला आणि तसाच धरून ठेवला. समोर तो रिकामा खिळा होता. जयवंताच्या हातातली वाटी सांडली.

"सुरभे, बघ गं! अक्षयला बोलवाया सांगतायत!"

सुरभीनं मान वळवेपर्यंत हात खाली येत होता. तिनं पाहिला तो पडता हात. ती बापाजवळ बसली, विचारलं, "बाबा, दादाला बोलवू?" भावोजींचे डोळे भरलेले होते, पण ते तर लकव्यापासून सारखेच भरलेले असायचे. तिनं पुन्हा विचारलं. हात हलला नाही.

तिनं अक्षयला फोन केला आणि होतं तेवढंच सांगितलं. हात वर झाला, आई म्हणते खिळ्याकडे होता, डॉक्टर म्हणतात हात आपोआप उडतो, आणि हे एकदाच झालं. अक्षय तिकडे रडत होता. "मला बघून त्यांना अजून काय झालं तर? पुन्ना हात केला की लगेच सांग. तू सांगशील तवा मी निघतो."

मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तसाच लोधिवलीला गेलो. "अरं, एका तासाचा रस्ता हाय, चल," म्हटलं. तो म्हणाला, "मामा, सुरभी बोलली तर येतो. ती उगाच बोलायची नाय." मग मी पोशीरला गेलो आणि तिच्यावर ओरडलो. "अगं, बाप हाय तुजा, यान नाय!"

ती चिडली नाही. हळूच म्हणाली, "आणि दादा आला, बाबांनी तोंड फिरवलं तर? मामा, तो जन्मभर सावरायचा नाही. एकदा पुन्हा दिसू दे. मी नजर काढत नाही."

खरोखर तिनं नजर काढली नाही. तिनं टेबल फिरवून घेतलं, म्हणजे पडद्याच्या कडेनं बापाचा हात दिसत राहील. ती जेवायचीही तिथंच. हात दोन-चारदा उडाला, पण कधी छताकडे, कधी पांघरुणावर. खिळ्याकडे गेला नाही. आणि आठवडा सरायच्या आत, एका सकाळी, जयवंता चहा घेऊन गेली तर भावोजी गेलेले होते.

अक्षय आला तो अग्नी द्यायला. सगळे दिवस त्यानं मुकाट्यानं केले. बाराव्याला भावोजींचा फोटो मढवून आणला होता. जयवंतानं तो त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "लाव रं." भिंतीवर मोकळा खिळा एकच होता. अक्षय त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, मुंडण केलेला, हातात बापाचा फोटो, आणि त्याला हात वर उचलवेना. पाव्हणे बाहेर मांडवात होते. आत आम्ही चौघंच.

"सुरभे," तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "तू खरं सांग. बाबांनी मला बोलावलं व्हतं का नुसता हात उडला? बोलावलं नसंल तर त्यांनी मला माफ केलंच नाय. आणि बोलावलं असंल तर मी आलो नाय. मला कायतरी एक कळू दे."

मी सुरभीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हणणार, माहीत नाही दादा. कारण तेच खरं होतं.

"बोलावलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदाही हात केला. खिळ्याकडेच, अगदी सरळ. मी बघितला."

अक्षय वळला. "मंग मला फोन का नाय केला?"

"कामात होते. संध्याकाळी करू म्हटलं, आणि राहून गेलं."

मग अक्षय जे बोलला ते मी इथं लिहिणार नाही. भावानं बहिणीला बोलू नये असं तो बोलला, आणि ती खाली मान घालून ऐकत राहिली. बोलून झाल्यावर त्यानं डोळे पुसले, फोटो खिळ्याला लावला, सरळ केला आणि त्यापुढे बराच वेळ हात जोडून उभा राहिला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा बापासमोर ताठ उभा होता.

मी तिला मागच्या पडवीत गाठलं. "हात एकदाच वर झाला व्हता ना गं?"

"एकदाच."

"मंग?"

"दादाला दुसरी फेरी मिळणार नव्हती, मामा." एवढं बोलली आणि रडायला लागली. मी टायर उचलणारा माणूस, पण त्या वेळी मला तिला नीट धरताही येईना.

त्याच आठवड्यात ती पुन्हा पट्ट्या बघायला बसली. पूर्वीइतकीच काटेकोर. एकदा दिसलेली खूण अजूनही ती संशयास्पद म्हणूनच बाजूला काढते.

अक्षय आता दर रविवारी आईला भेटायला येतो. सुरभीशी बोलत नाही. भाऊबीजेला तिनं ताट तयार केलं होतं, निरांजन लावलं होतं. मीही जयवंताकडे ओवाळून घ्यायला गेलो होतो. अक्षय ओटीवरच बसला, आत आला नाही. सुरभी दाराआड ताट घेऊन उभी होती, मला दिसत होती.

चहा पिता पिता त्यानं आईला विचारलं. रागानं नव्हे, एखादी आवडती गोष्ट पोरानं पुन्हा सांगायला लावावी तसं. "आय, बाबांनी दोनदा हात केला व्हता ना माज्यासाठी?"

जयवंतानं दाराकडे पाहिलं. सुरभीनं होकाराची मान हलवली.

"हां रं," जयवंता म्हणाली. "दोनदा केला."