जीपचं स्टेरिंग काढलं तेव्हा

मी नर्स होते. धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथली जीप पुढे लिलावात गेली, या-त्या मालकाकडे फिरली आणि शेवटी कुरखेड्याच्या एका राइस मिलमागे कोंड्याच्या पोत्यांखाली पडून राहिली. रिटायर झाल्यावर आम्ही कुरखेड्यालाच घर बांधलं. एकदा धान भरडायला गेले, तर ती दिसली. मागच्या सीटजवळ लसीची पेटी अडकवायला आम्ही एक कडी बसवून घेतली होती, तिच्यावरून ओळखली. मिलवाल्याला म्हटलं, ही मला द्या. तो हसला. "काय करता बाई हिचं? कोंबड्या पाळता का?" पण दिली.

माझे मिस्टर एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांना तर खेळणंच मिळालं. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी अंगणातच जीप खोलायला घेतली. सगळं एकेक करत निघालं, अडलं ते स्टेरिंग. मधलं हॉर्नचं बटण दाबून फिरवलं तसं हातात आलं. त्याखाली स्प्रिंग, वायरीचा तुकडा आणि मोठा नट. पान्याला लांब पाईप लावून नटही सैल केला. पण स्टेरिंगचं चाक दांड्यावर गंजून असं बसलं होतं, की दोघांनी ओढूनही जागचं हलेना. मी हातोडी उचलली तशी ते ओरडले.

"नाई, ठोकू नोको! खालचा स्टेरिंगचा बॉक्स फुटन."

मग गंज भिजावा म्हणून नटाभोवती डिझेल सोडलं. माझा भाचा मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो. त्याला फोन करून तिथल्या गॅरेजमधला चाक ओढून काढायचा पुलर मागवला.

पुलर येईपर्यंत मी चहाचा कप घेऊन जीपमध्ये जाऊन बसायचे. चाकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. प्लास्टिक तडकल्यावर ती आमच्या ड्रायव्हरनं गुंडाळली होती. ते दवाखान्याजवळच्याच एका गोंड गावचे. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला बाई. लसीकरणाला आम्ही गावोगाव सोबत जायचो. एका दुपारी परतताना मोकळं रान पाहून त्यांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले.

"बाई, आता तुमी इथी बसा."

"काऊन?"

"उद्या मलेच काही झालं तं पेशंट कोण नेईन? शिकून घ्या."

"लोक काय म्हणतीन, भाऊ?"

"पाहतीन तं पाहतीन. तुमी समोर पाहा."

मी चाक असं धरलं, की बोटं दुखायला लागली. भाऊ बाजूला बसून पुन्हा पुन्हा तेच सांगायचे. "गच्च नोका धरू. हलकं धरा. थोडं हलते ते, हलू द्या." रागावले मात्र कधीच नाहीत. जीप एकदा मोहाच्या झाडाला घासली, तेव्हा उतरून आधी झाड पाहून आले आणि म्हणाले, "झाडाले काही नाई झालं."

त्याच साली पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत भाऊंनाच ताप चढला. सकाळी दवाखान्यात आले तेव्हा थरथरत होते, दुपारी भलतंच बोलू लागले. मेंदूत चढणारा मलेरिया आम्हाला नवा नव्हता. डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेलेले. मी इंजेक्शन दिलं, सलाईन लावली, मागच्या सीटवर त्यांना निजवलं आणि बाटली सोबत आलेल्या त्यांच्या बायकोच्या हातात दिली. मग स्टेरिंगवर बसले.

वाटेत नाल्यावरच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. मी थांबले. मागून भाऊंची बायको गोंडीत काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत, पण आवाजावरून कळलं, ती म्हणत होती, चल. पाण्यात चाकं लटपटली तशी मी स्टेरिंग आवळलं. मग भान आलं आणि हात सैल सोडले. पहिल्या गिअरमध्ये घरघरत जीप पलीकडे चढली. गडचिरोलीच्या दवाखान्यात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा कुठे मी स्टेरिंग सोडलं.

भाऊ शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी बायकोला विचारलं, "गाडी कोणं आणली?" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. ते डोळे मिटून नुसतेच हसले. पुढे ते सुट्टीवर असले, की मीच जीप काढायची. कितीतरी बाळंतिणी नेल्या.

भाच्यानं पुलर पाठवला. मिस्टरांनी पुढची चाकं सरळ केली, दांड्यावर आणि स्टेरिंगवर खडूनं खूण केली. नट पूर्ण काढायला मी हात घातला, तर म्हणाले, "तो राहू दे थोडा अडकून. नाईतर चाक सुटून तुझ्याच तोंडावर येईन." पुलरचे दोन्ही आकडे चाकाखाली अडकवून ते मधला स्क्रू पिळत राहिले. काहीच होत नव्हतं. मग बंदुकीसारखा आवाज झाला आणि चाक नटावर येऊन आदळलं. शेजारची कुत्री भुंकायला लागली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

तडे भरून, घासून, काळा रंग देऊन चाक नवं झालं. पण धुताना खडूची खूण पुसली गेली होती. बसवलं ते वाकडंच बसलं. सरळ रस्त्यावर जाताना स्टेरिंग डावीकडे कललेलं! पुन्हा काढलं. या वेळी मात्र ते मुकाट्यानं निघालं आणि सरळ बसलं.

उन्हाळ्यात आम्ही जीप घेऊन भाऊंच्या गावी गेलो. आता त्यांना कमी ऐकू येतं. ते जीपभोवती काठी टेकत फिरले, चाकावर हात फिरवला. "ट्यूब काऊन काढली? उन्हात हात भाजतीन." त्यांच्या बायकोनं आम्हाला चारं, चारोळीची पिकली फळं, खायला दिली.

आमच्याकडे माणूस माणसाचे आभार मानत नाही, लाज वाटते. तरी मी म्हटलं, "भाऊ, तुमी शिकवलं म्हणून मी खरी नोकरी केली. नाईतर मी निस्ती सुई टोचत राहिली असती."

"काय?"

मी ओरडून पुन्हा सांगितलं. सगळं गाव ऐकत होतं. तरी त्यांना कळेना. शेवटी बायकोनं त्यांच्या कानाशी वाकून गोंडीत सांगितलं. तिनं माझ्या बोलण्यापेक्षा बरंच जास्त सांगितलं असावं, कारण ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि काठी मिस्टरांच्या हातात देऊन ड्रायव्हरशेजारच्या सीटवर चढून बसले.

"चाला बाई," ते म्हणाले. "तलावापर्यंत नेऊन आणा."