दोन भावांचं एक स्टिअरिंग

दोरीमास्तरांचं डोकं फिरायला फारसं निमित्त लागत नसे, पण त्या ट्रकनं त्यांच्या अगदी नाकी नऊ आणले.

ट्रकच्या चाकांचं अलाइनमेंट करण्यात मास्तरांचा जन्म गेला होता. पूर्वी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणून ते चाकं सरळ करायचे, म्हणून दोरीमास्तर. आता जावयाच्या हट्टापायी दुकानात कॉम्प्युटरच्या पडद्याचं मशीन आलं होतं. पण मशीननं ‘झालं’ म्हटलं तरी मास्तर हळूच दोरी लावून बघणारच. चाकं सरळ आणि स्टिअरिंग तिरकं, अशी गाडी त्यांच्या दारातून कधी बाहेर पडली नव्हती. माणूसच तसा. कुणाच्या घरी गेले तरी भिंतीवरची तिरकी तसबीर नीट केल्याशिवाय खुर्चीत टेकायचे नाहीत. बायको म्हणायची, “तुमच्याबरोबर चारचौघांत जायची सोय नाही.”

तर हा ट्रक दोन भावांचा. एक फेरी थोरल्याची, दुसरी धाकट्याची. बाप गेल्यावर घराच्या वाटणीवरून दोघांचं असं काही बिनसलं, की एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. गाडीची किल्ली दुसऱ्याच्या दाराच्या खिळ्याला अडकवायची आणि निघून जायचं. आई धाकट्याकडे राहायची आणि थोरल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायची.

नवे टायर घातले म्हणून थोरल्यानं अलाइनमेंट करून घेतलं. पुढच्या फेरीला तो परत हजर.

“मास्तर, स्टिअरिंग डावीकडे गेलंय.”

“इथून निघालं तेव्हा सरळ होतं.”

“मग काय वाटेत त्याला वारं लागलं?”

मास्तर मुकाट्यानं गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. स्टिअरिंगच्या पेटीपासून चाकाकडे एक लांब दांडा जातो. त्याचे दोन्हीकडचे क्लॅम्प, म्हणजे नटानं आवळायच्या पकडी, ढिले केले आणि मधली नळी फिरवली, की दांडा लांब किंवा आखूड होतो आणि वर केबिनमधलं स्टिअरिंग वळून सरळ होतं. मास्तरांनी ते केलं, क्लॅम्प आवळले, स्वतः गाडी फिरवून आणली. सुतासारखं सरळ.

पुढच्या वेळी थोरला पुन्हा दारात. पुन्हा डावीकडे. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा खड्डा, पुन्हा पाना. तिसऱ्यांदा आला तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाईकं बसली होती आणि थोरला मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “मास्तर, आता चष्मा बदला.” गिऱ्हाईकं हसली.

मास्तरांना ते हसू फार लागलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं लगेच विषय काढला, “पुरे झालं आता. जावयाला दुकानाची किल्ली देऊन टाका. नजर कुणाची कायमची राहते?”

“नजरेला काय धाड भरलीय?”

“तीन वेळा गाडी परत आली. मी नाही म्हणत, लोक म्हणतात.”

मास्तर तिरमिरीत बोलून गेले, “चौथ्यांदा आली तर देतो किल्ली. बस?”  दुकान गेलं तर सकाळी उठून करायचं काय? जावयाच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचायचं? मरण परवडलं. आणि खरंच नजर गेली असेल तर? ते उठले आणि घरातल्या सगळ्या तसबिरी पुन्हा एकदा बघून आले. सगळ्या सरळ दिसत होत्या, पण आता त्या दिसण्यावरही भरवसा उरला नव्हता.

एक शहाणपणा त्यांनी केला होता. तिसऱ्यांदा क्लॅम्प आवळल्यावर नट आणि नळी दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली होती. रेघ मोडली, म्हणजे कुणीतरी हात लावला.

चौथ्यांदा ट्रक आला, पण चालवत होता धाकटा. शेजारी आई बसलेली. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

“मास्तर, स्टिअरिंग आज ढिलं लागतंय. जरा बघता?”

मास्तर बॅटरी घेऊन खड्ड्यात गेले. रेघ मोडलेली होती. त्यांना इतका आनंद झाला की डोकं वर गाडीला आपटलं. आपली नजर शाबूत होती, दुकान आपलं होतं! मग त्यांनी नटाला बोट लावलं आणि आनंद जागच्या जागी विरला. नट चिमटीत धरून फिरवला तर फिरला. नळी हातानं गरगरत होती. गाडी अजून थोडं अंतर गेली असती तर दांडा सुटला असता, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, चाकांना पत्ता नाही.

ते बाहेर आले. “याला हात कुणी लावला?”

धाकटा ओशाळला. “आधीच्या दर फेरीला मीच फिरवलं. मी आपला कडेनं चालवतो, मला ते सारखं तिरकं दिसायचं. पण आवळलं होतं पक्कं. या वेळी नाही लावला हात.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता. कडेनं चालणारी गाडी उताराकडे ओढते, तिला धरून ठेवायला स्टिअरिंग जरा उजवीकडे तिरकं ठेवावंच लागतं. धाकटा ते सरळ करायचा, की मधून चालताना ते डावीकडे दिसणारच. थोरला आपला राजासारखा रस्त्याच्या मधून चालणार, त्याला ते सरळच हवं. दोघांचं खरं होतं. एका वाक्यात मिटलं असतं, पण बोलतंय कोण!

त्यांनी थोरल्याला फोन करून बोलावलं. तो आला, भावाकडे न बघता खड्ड्यात उतरला.

“नट बघ,” मास्तर म्हणाले.

 खालून आवाज आला, “मागच्या फेरीला पुन्हा डावीकडे दिसलं, म्हणून तुमच्याकडे न येता मीच नळी फिरवली. पाठीत उसण भरली होती. नंतर आवळू म्हटलं आणि राहिलं.” मग त्यानं विचारलं, “गाडीत कोण होतं?”

“हा. आणि तुमची आई.”

मास्तरांनी पाना खड्ड्यात टाकला. “मी आता याला हात लावणार नाही. तू नळी फिरव. हा वर बसून स्टिअरिंग बघेल. खालच्याला काही दिसत नाही, तेव्हा वरच्यानं सांगायचं आणि खालच्यानं ऐकायचं. दुसरा इलाज नाही.”

धाकटा आईशेजारी जाऊन बसला. नळी फिरू लागली.  स्टिअरिंग डावीकडून हलत मधे यायला लागलं. शेवटी खालून घोगरा आवाज आला, “झालं का रे?”

 आईनं पदर डोळ्यांना लावला होता.

“अजून थोडं, दादा,” धाकटा म्हणाला.

“आता?”

“अजून थोडं.”

मास्तर केबिनच्या पायरीवर उभे होते. स्टिअरिंग केव्हाच सरळ झालं होतं आणि आता उजवीकडे चाललं होतं, चांगलं चार बोटं. धाकटा त्याच्याकडे बघतही नव्हता.

“आता रे?”

“अजून थोडं, दादा.”

सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार होतं. मास्तर गप्प उभे राहिले.