चालू झालं का, वहिनी?

हे मी आमच्या ह्यांना कधी सांगितलं नाही. ते गेले, तेव्हाही नाही. देवाला तर मुळीच नाही — त्याच्यासमोर आधीच एवढी रांग, त्यात मी कुठं घुसू? तुम्हाला कागदावर लिहून सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर मी थापा फार सफाईनं मारते — आणि सांगायचं आहे ते त्याच सफाईबद्दल.

पण आधी जरा इकडचं तिकडचं बोलू द्या. एकदम तिथं जायला पाय उचलत नाही.

मी आजी आहे आणि गिटारच्या पायाखालचे डबे बनवते. हसा, हसून घ्या. बारामतीत मुलाच्या फ्लॅटला बाल्कनी आहे. इतरांच्या बाल्कनीत तुळस असते, आमच्या बाल्कनीत तुळशीशेजारी कथील, राळ आणि वायरींचा गुंता. माझी नात ईश्वरी कॉलेजात गिटार वाजवते. हे डबे तिच्यासाठी. पेडल म्हणतात त्याला. गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर स्पीकरकडं. मधलं बटण पायानं दाबलं की साधासुधा आवाज गुरगुरायला लागतो, नाहीतर विहिरीत हाक मारल्यासारखा घुमतो. आम्ही दोघी ते डबे उघडतो, आतला एखादा भाग काढतो, दुसरा बसवतो, आणि आवाज कसा बदलला ते ऐकतो. एवढाच नाद. ती भिंगातून बघते, मी वासावरून. कुठला भाग जळतोय ते मला सुनेच्या फोडणीआधी कळतं.

शिकले कुठं? इंदापूरला, एस.टी. स्टँडजवळ, आमच्या ह्यांच्या दुकानात. रेडिओ, अँप्लिफायर, भोंगे — हे दुरुस्त करायचे, मी डबा द्यायला जायचे आणि घरी परत यायचं विसरायचे. चाळिशी ओलांडलेली बाई. पदर खोचलेला, नाकावर नवऱ्याचा जुना चष्मा, हातात सोल्डरिंगची गन. त्या बाईला मी आज भेटले असते तर म्हटलं असतं — अगं, लुगड्याला भोक पडलंय ते बघ आधी. पण ती कसली ऐकते! तिला वाटायचं, तालुक्यात दोनच कलावंत. एक ती आणि दुसरा तिचा दीर.

तर आलं. दिराचं नाव आलं.

दत्ता भावजी. ह्यांचा धाकटा भाऊ. निरवांगीला शेती, उसाची, आणि जीव सगळा बेंजोत. तुम्ही आमच्याकडच्या वरातीत नाचला असाल तर बेंजो सांगायला नको. नसाल तर — लाकडाची आडवी पेटी, वरती तारा, टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. टेम्पोवर स्पीकर, शेजारी ताशा, आणि पुढं अख्खं गाव नाचतंय. भावजी वाजवायला लागले की सोवळ्यातली म्हातारीसुद्धा खांदा हलवायची. मी बघितलंय.

पुण्याहून कुणीतरी त्यांना एक गिटारचं पेडल आणून दिलं होतं. ते बेंजोला बरोबर लागेना. आवाज बसका, कांबळ्याखालून आल्यासारखा. मी ते उघडलं. आवाज जाड-बारीक करणारा एक कंडेन्सर काढला, त्याच्याहून लहान घातला. आवाजाला धार आली. पैसे नाही घेतले — घरच्या माणसाकडून कसले? कौतुक घेतलं. पोटभर घेतलं. त्या हंगामात बावड्यापासून मोरगावपर्यंतचे बेंजोवाले विचारत होते, हा डबा कुणाच्या हातचा? आणि भावजी छाती काढून सांगायचे, "आमच्या वहिनीच्या!"

सांगा, डोकं ठिकाणावर राहील?

पुढच्या वर्षी भावजी डबा घेऊन आले. "वहिनी, धार गेली बघा ह्याची." मी उघडून पाहिलं. सगळं जागच्या जागी. पण ते म्हणतात तर असेल, म्हणून आणखी लहान कंडेन्सर घातला. भावजी खूश. काही महिन्यांनी परत तेच. "धार गेली, वहिनी." परत उघडला. परत सगळं ठीक. परत तिखट केला.

तुम्हाला कळलं असेल एव्हाना. मलाही कळायला हवं होतं. बोलताना ते माझ्या तोंडाकडं बघायला लागले होते. पाठीमागून हाक मारली की वळायचे नाहीत. पण डबा उघडायची सवय लागलेली बाई — बिघाड डब्यातच शोधणार. डब्यासमोर उभा असलेला माणूस तिला कुठून दिसायचा?

मग तो दिवस. इथं मी नेहमी उठते आणि पाणी प्यायला जाते. आज नाही उठत.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लग्नसराई तोंडावर. हे सामान आणायला बाहेर गेलेले. दुकानात मी, भावजी, आणि टेबलाखाली झोपलेलं एक कुत्रं. डब्याची धार मी एवढी वाढवली होती की तो आता काठावर होता. असा डबा कधीकधी स्वतःच शिट्टी मारायला लागतो. बारीक, सुईसारखी, थांबतच नाही. स्पीकर टेबलावर. त्याला कान लावून भावजी उभे. मी बटण दाबलं.

आणि ती शिट्टी सुटली.

कुत्रं उठून रस्त्यावर पळालं. शेजारच्या टेलरनं ओरडून सांगितलं, "ओ वहिनी, बंद करा ते, टाके चुकतायत!" माझ्या दाढा शिरशिरल्या, डोळ्यांत पाणी आलं. आणि भावजी — स्पीकरपासून वीतभर अंतरावर — मान वाकवून, शांत, वाट बघत उभे.

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "चालू झालं का, वहिनी?"

त्या एका क्षणात मला सगळं समजलं. धार डब्याची नव्हती गेली. आणि गेली दोन-तीन वर्षं मी प्रत्येक वेळी आवाज आणखी तिखट करून त्यांच्याच कानावर सोडत होते. ते त्याच्याजवळ उभे राहून रात्र रात्र वाजवत होते.

मी काय म्हणायला हवं होतं? भावजी, चालू आहे. तुम्हाला ऐकू येत नाही. चला, बारामतीला डॉक्टरकडं जाऊ. एवढंच.

मी म्हणाले, "न्हाय अजून. एका वायरीला डाख द्यायचा राहिलाय."

आणि बटण बंद केलं.

का? कारण त्यांचे कान गेले असतील तर मग माझी धार ती काय? सगळा तालुका ज्या आवाजाला वाखाणत होता, तो एका बहिऱ्या होत चाललेल्या माणसासाठी वाढवलेला कर्कशपणा होता. माझी कला म्हणजे त्याचं दुखणं. हे त्या बाईला — चष्मेवाल्या, पदर खोचलेल्या त्या शहाणीला — सहन झालं नसतं. त्यांनी हंगाम सोडला असता, डबा सोडला असता, आणि "आमच्या वहिनीच्या हातचा" म्हणणारं कुणी उरलं नसतं. बघा, केवढ्याशा गोष्टीसाठी.

मग मी काय केलं? शिट्टी जाईल एवढं केलं आणि खालचा, जाड आवाज अवाढव्य वाढवला. जो त्यांना अजून ऐकू येत होता, तो. भावजींचा चेहरा फुलला. "आता कसं! जीव आला ह्याच्यात!" माझ्या पाया पडले. मी पडू दिलं.

त्यांच्याबरोबरचे वाजवणारे — भावजींना तात्या म्हणायचे — एकदा दुकानात आले. ताशावाला कानात बोटं घालून दाखवायला लागला. "काकू, तात्यांचा डबा जरा कमी करा. आमाला आमचंच वाजवल्यालं ऐकू येईना."

"नव्या पद्धतीचा साऊंड हाय त्यो," मी म्हटलं. "तुमाला न्हाय कळायचा."

तो बिचारा गेला. मी त्याच्यामागं हसले. हसले हो.

बावड्याला लग्न होतं. लांबच्या नात्यातलं, म्हणून मीही गेलेली. वरात निघाली. ताशा तडतडला, भावजींनी डबा दाबला, गाव नाचायला लागलं. आणि मग ताशावाल्यानं लय वाढवली. सगळे वाढले. भावजी मागं राहिले. थोडेसेच — अर्धा ठोका. पण नाचणाऱ्याच्या पायाला अर्धा ठोका लगेच कळतो. पाय अडखळायला लागले. कुणीतरी ओरडलं, "तात्या, लई घेतली का काय?" हशा झाला. भावजींनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांना तो हशाही नीट ऐकू आला नसावा. फक्त थांबलेली माणसं दिसली.

त्यांना ताशाची तडतड ऐकूच येत नव्हती. ज्यावर लय धरायची तेच येत नव्हतं. आणि जे येत होतं ते मी घातलेलं — त्यांच्या स्वतःच्याच बेंजोचं गुरगुरणं.

टेम्पोच्या मागं ते माझ्याजवळ आले. दोन्ही हात पुढं धरलेले, पंजे उघडे, जसं काही मी तपासून देणार होते.

"वहिनी, खरं सांगा. माजा हात गेला का?"

ही दुसरी वेळ. दुसऱ्यांदा त्यांनी मला विचारलं, आणि उत्तर माझ्याजवळ तयार होतं. हात नाही, भावजी. कान.

मी म्हणाले, "वय होतं की माणसाचं. पोरांना वाजवू द्या आता."

चाळिशीचे होते ते.

बेंजो खुंटीला गेला. मग निरवांगीला गेलं की मी बघायचे — जेवताना, बांधावर, चारा टाकताना मधेच थांबून भावजी आपल्या बोटांकडं बघायचे. बोटं मिटायची, उघडायची. जाऊबाई म्हणायच्या, संधिवात असेल. मी म्हणायचे, असेल. पुढं पुढं त्यांना बोलणंही ऐकू येईनासं झालं. ओरडून बोलावं लागायचं. मग कुणीच फार बोलेना. वेळेत डॉक्टरकडं गेले असते तर किती वाचलं असतं, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचा हक्क त्यांचा होता. तो मी दाबला, पेडलच्या बटणासारखा.

हे सगळं जुनं. जुनं म्हणून कधीच सांगितलं नसतं. पण या महिन्यात त्यांच्या मुलानं त्यांना कानाचं नवं मशीन घेतलं. आणि भावजी बारामतीला आले — बेंजो पिशवीत घालून, तो डबाही बरोबर. म्हणाले, "हात तर गेलाच हाय, वहिनी. पर मरायच्या आदी आपला आवाज एकदा ऐकावा म्हटलं."

ईश्वरीनं तारा बदलल्या. डबा उघडला, मीटर लावून पाहिला. "आजी, सगळे पार्ट चांगले आहेत गं. काहीच खराब नाही." मी चहा ठेवायला आत गेले. चहा कुणाला नको होता.

आधी त्यांनी डब्याविना वाजवलं. ईश्वरीनं स्टीलच्या डब्यावर ठेका धरला. भावजी सुरू झाले — एकही बटण चुकलं नाही. तिनं लय वाढवली, मस्करीनं. तेही वाढले. आणखी वाढवली. तेही. ती हसायला लागली. ते हसेनात. बोटांकडं बघत म्हणाले, "हात चालतोय की गं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. गॅस चालू, पातेलं रिकामं.

मग त्यांनी पायानं डबा दाबला.

ईश्वरीनं कान झाकले. भावजींनी मशीन ओढून काढलं, मुठीत धरलं. मग ते हळूहळू परत कानात घातलं आणि माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं नाही. डोळ्यांकडं.

"वहिनी, ह्यो असाच वाजत हुता का?"

तिसरी वेळ. माणसाला तीनदा संधी कोण देतं हो?

"न्हाय भावजी," मी म्हणाले. "पडून पडून बिघडलाय त्यो."

ईश्वरीनं माझ्याकडं पाहिलं. तिनंच तर तो तपासला होता. तेव्हापासून ती माझ्याशी फारसं बोलत नाही.

"मग नीट करून ठिवा," भावजी म्हणाले. "तुमच्याबिगर कुनाला जमायचं न्हाय." डबा माझ्या हातात देऊन ते गेले.

तो आता समोर आहे, तुळशीच्या कुंडीला टेकून. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. स्क्रू काढलेले, झाकण बाजूला. हा कागद मी घडी करून त्या डब्यात घालणार आहे, झाकण बसवणार आहे, आणि डबा ईश्वरीबरोबर निरवांगीला पाठवणार आहे. काय आहे ते तिलाही वाचू देणार आहे. भावजींचे डोळे अजून चांगले आहेत. ते डबा उघडतील. बिघाड डब्यातच शोधायची सवय मीच लावली.

तुम्ही विचारलं होतंत ना, भावजी, दुकानात, स्पीकरला कान लावून?

चालू झालं होतं.