मोठ्या मामांचं बदलतं मृत्युपत्र

मरणाची इतकी जय्यत तयारी करणारा आणि मरायला इतका नाखूश असलेला माणूस आमच्या उभ्या आंजी गावात दुसरा झाला नसेल. हे माझे मोठे मामा. वरणात मीठ कमी पडलं की ते मृत्युपत्र बदलत. शेत कसायचा त्यांचा एकुलता मुलगा, नामदेवदादा. पण बैलांच्या दमणीत बसताना त्यानं बापाखाली गादी अंथरली नाही, की तेच शेत संध्याकाळपर्यंत गिरड गावी दिलेल्या लेकीच्या, ताईच्या नावावर जाई. दादा नुसता हसे आणि पुन्हा वखराला लागे.

हे बदल लिहायचो मी. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून मामांनी मला चक्क मुखत्यारपत्र करून दिलं. त्या दिवसापासून मी खाकरून बोलू लागलो. जेवताना आईकडे "सदरहू भाजी" मागितली. मामांची अपेक्षा एवढीच होती : "मी मेल्यावर नाम्या मनमानी करन. तवा तू माह्या वतीनं त्याच्याशी भांडजो." मी गंभीरपणे मान हलवली. पुढे वर्ध्याच्या एका वकिलांना विचारलं, तर ते पोट धरून हसले. मुखत्यारी देणारा मेला की मुखत्यारीही संपते म्हणे! मामांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग कॉलेजात काय म्हशी राखून राह्यला बे?"

त्या पावसाळ्यात मामांनी अंथरूण धरलं. मला बोलावून म्हणाले, "लिही. शेत नाम्याले. आता बदलवाचं नाई." मी दादाकडे आनंदानं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"काऊन बाबा? म्या तं काईच केलं नाई."

पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावाचे बैल नटले. दादानं मात्र आपली जोडी तशीच दारात आणली. शिंगांना रंग नाही, पाठीवर झूल नाही. मी शहाणपणानं त्याला रागे भरू लागलो.

"गप ना भाऊ," तो हळूच म्हणाला. "बाबा खवळले पाह्यजे. खवळले तं बरे व्हतीन."

मग मीही पेन उघडून मृत्युपत्र बदलायला तयार बसलो. दाराशी बाजेवर पडलेल्या मामांनी बैलांकडे बराच वेळ पाहिलं.

"चांगले दिसून राह्यले रे नाम्या," ते म्हणाले. "उन्हात नको ठेवू त्याइले."

दादा बैलाच्या मानेवर हात ठेवून तसाच उन्हात उभा राहिला.